वाचकांचे प्रश्न : थ्रॉटल किती उघडा असताना?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे जुन्या मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरविषयी, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाविषयी, होती आणि त्यांतली बहुतेक खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आली. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण ती प्रत्येक उत्तरात पुन्हा येणार आहे.

जवळजवळ प्रत्येक पत्रात गाडीच्या वेगाचा आकडा आहे. “चाळीसला झटके देते”, “साठच्या पुढे ओढत नाही”, अशी ती भाषा आहे. परंतु कार्ब्युरेटरमधला कोणता भाग बिघडला आहे, हे वेगाच्या आकड्यावरून कळत नाही. ॲक्सिलरेटरची मूठ किती पिळली होती (थ्रॉटल किती उघडा होता), म्हणजे आतली स्लाइड, हवेची वाट कमी-जास्त उघडणारी सरकती झडप, किती वर उचलली गेली होती, यावरून ते कळते. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक छिद्राचा पितळी तुकडा. मूठ जवळजवळ बंद असते तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून येते. आठव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप मिश्रण ठरवतो. चौथ्या हिश्शापासून पाऊण उघडेपर्यंत निडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई, आणि तिच्याभोवतीचा निडल जेट यांचे राज्य असते आणि त्यानंतरच मेन जेटची पाळी येते. म्हणून मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावावा, पेनाने बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात आणि गाडी चालवताना बिघाड कोणत्या खुणेवर येतो ते पाहावे. दहा मिनिटांच्या या कामाने अनेकदा महिनाभराची वणवण वाचते.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ची यामाहा आरएक्स १०० आहे. सकाळी चोकवर लगेच चालू होते, परंतु चोक खाली केला की बंद पडते. स्लो स्पीड टिकत नाही आणि कधी कधी मूठ सोडल्यावरही रेस वाढलेलीच राहते. मिस्त्रींनी मेन जेट दोन नंबर मोठा टाकून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही. कार्ब्युरेटर नवा घ्यावा काय?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नवा कार्ब्युरेटर घेऊ नये. आपल्या पत्रातच बिघाडाची जागा लिहिलेली आहे. चोक म्हणजे जास्तीचे पेट्रोल. ते असेपर्यंत इंजिन चालते आणि ते बंद होताच इंजिन मरते, याचा अर्थ मूठ बंद असताना मिश्रण पातळ आहे. मिस्त्री मंडळी ज्याला ‘लीन’ म्हणतात ते हेच. मूठ बंद असताना मेन जेटचा संबंधच येत नाही. त्यामुळे तो मोठा केल्याने स्लो स्पीडला काडीचाही फायदा झाला नाही, उलट पूर्ण रेसवर गाडी विनाकारण पेट्रोल पिऊ लागली असेल. सर्वांत आधी मूळ नंबरचा मेन जेट परत बसवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो निरुपयोगी ठरला तर मागे घ्यावा, हा नियम पाळला नाही तर चौथ्या बदलानंतर आपण कुठे उभे आहोत हे कोणालाच सांगता येत नाही.

पातळ मिश्रणाची येथे तीन कारणे संभवतात आणि ती याच क्रमाने तपासावीत. पहिले कारण म्हणजे पायलट जेट तुंबणे. कार्ब्युरेटर उतरवून पेट्रोल साठणारी खालची कटोरी उघडल्यावर मध्यभागी मेन जेट दिसतो आणि त्याच्या बाजूला एका खोल भोकात बसलेला सडपातळ पितळी जेट म्हणजे पायलट. त्याच्या खाचेत नेमका बसेल असाच पेचकस वापरावा, कारण पितळ मऊ असते आणि खाच एकदा फाटली की जेट निघणे दुरापास्त होते. जेट काढून खिडकीकडे धरावा. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बरेच लहान असते. त्यातून उजेडाचा स्वच्छ, गोल ठिपका दिसला पाहिजे. ठिपका चंद्रकोरीसारखा दिसला किंवा मुळीच दिसला नाही, तर सुकलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर आत बसला आहे असे समजावे. जेट रात्रभर कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवावा, सकाळी दाबाच्या हवेने फुंकावा आणि तरीही छिद्र मोकळे झाले नाही तर विजेच्या बारीक वायरमधली तांब्याची एक तार हळुवार फिरवावी. स्टीलची तार किंवा सुई कधीही घालू नये. पूर्वी मी स्वतः घाईने एका जेटमध्ये स्टीलची तार घातली होती. छिद्र डोळ्यांना दिसणार नाही इतकेच वाढले, पण त्यानंतर ती गाडी स्लो स्पीडवर धुराचे लोट सोडू लागली आणि कारण सापडेपर्यंत पावसाळा संपला. जेट साफ केल्यावर ज्या मार्गात तो बसतो तो मार्ग आणि स्लाइडच्या पुढे कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेले टाचणीएवढे भोक यांतूनही हवा फुंकून पाहावी, कारण जेट स्वच्छ पण पुढची वाट बंद, असेही अनेकदा असते.

दुसरे कारण म्हणजे गाडी बाहेरची हवा खाते. मूठ सोडल्यावरही रेस वाढलेली राहते असे आपण लिहिले आहे. ॲक्सिलरेटरची केबल अडकत नाही याची खात्री केली असेल, तर ही तक्रार प्रामुख्याने हवेच्या गळतीची असते. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तीस वर्षांत कडक होतो आणि त्याला केसासारख्या भेगा पडतात; त्या सहसा खालच्या बाजूला असतात, म्हणून वरून पाहून समाधान मानू नये. इंजिन स्लो स्पीडवर चालू ठेवून जोडाभोवती साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. भेग असेल तर पाणी आत ओढले जाते आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा यापेक्षा चटकन उत्तर देतो, परंतु तो ज्वालाग्राही आहे आणि गरम सायलेन्सरजवळ तो मारण्याचे धाडस मी कोणालाही सुचवणार नाही.

तिसरे कारण क्रँकचे ऑइल सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याभोवतीचे रबरी कडे. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जाते, त्यामुळे मॅग्नेटच्या बाजूचे सील फाटले की तेथूनही हवा आत शिरते, आणि बाहेरून जेट कितीही बदलले तरी मिश्रण पातळच राहते. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर उलट गिअरचे तेल आत ओढले जाते. धूर वाढतो आणि गिअर ऑइलची पातळी विनाकारण उतरते. पहिली दोन कारणे निकालात निघाली आणि तक्रार तशीच राहिली, तर मॅग्नेट काढून सील तपासून घ्यावे आणि तोपर्यंत गाडी लांब नेऊ नये. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण ही केवळ झटक्यांची बाब नसते. त्याने पिस्टन तापतो आणि शेवटी सिलिंडरमध्ये जॅम होतो.

हे सर्व नीट झाल्यावरच एअर स्क्रूला हात लावावा. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम करावे. स्लो स्पीडचा स्क्रू किंचित आत घेऊन रेस थोडी वाढवून ठेवावी. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन तेथून दीड फेरी बाहेर घ्यावा आणि मग पाव-पाव फेरी दोन्हीकडे फिरवत, प्रत्येक वेळी पाच-सात सेकंद थांबून, रेस सर्वांत जास्त कुठे होते ते शोधावे. आरएक्समध्ये हा स्क्रू हवेचा आहे. आत घेतला की मिश्रण दाट होते आणि बाहेर काढला की पातळ. योग्य जागा सापडली की स्लो स्पीड पुन्हा खाली आणावा. मूठ चटकन पिळल्यावर इंजिन क्षणभर गुदमरले तर स्क्रू अगदी थोडा आत घ्यावा. योग्य जागा अर्ध्या फेरीच्या आतच येत असेल तर पायलट जेट लहान पडतो आहे आणि तीन फेऱ्यांच्या आसपास येत असेल तर तो मोठा आहे, असे समजावे.

प्रश्न : माझी जुनी बुलेट ३५० मे महिन्यात फार त्रास देते. सकाळी एका किकमध्ये चालू होते, परंतु दुपारी बाजारात दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू होत नाही. अर्धा तास सावलीत थांबल्यावर मुकाट्याने चालू होते. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे आपणास मी सांगायला नको. परंतु गाडी रुसते तेव्हा दोष नेमका कोणाचा, हे अर्ध्या तासानंतर तपासून काही उपयोग नाही. ज्या क्षणी ती चालू होत नाही त्याच क्षणी, तेथेच, प्लग काढून पाहावा. त्यासाठी प्लगचा पाना आणि हातरुमाल सोबत ठेवावा.

प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चालती गाडी थांबली की वाऱ्याचा झोत थांबतो, परंतु सिलिंडरची उष्णता कार्ब्युरेटरकडे सरकत राहते. कटोरीतले पेट्रोल तापून उकळू लागते आणि त्याचे थेंब व वाफ इंजिनाच्या तोंडाशी साचतात. अशा वेळी चोक लावून किक मारत राहणे म्हणजे बुडत्याला आणखी पाणी पाजण्यासारखे आहे. चोक बंद, पेट्रोल कॉक बंद, मूठ पूर्ण उघडी ठेवून चार-पाच किका माराव्यात, म्हणजे आतले जादा पेट्रोल बाहेर पडेल; मग कॉक उघडून नेहमीप्रमाणे किक मारावी. मूळ उपाय मात्र वेगळा आहे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामध्ये उष्णता अडवणारे जाड पॅकिंग आहे का, ते पाहावे. कधी काळी खोलताना ते तुटते आणि मिस्त्री त्याऐवजी कागदी पॅकिंग कापून बसवतात. गाडी हिवाळाभर उत्तम चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. आपण कार्ब्युरेटर दोनदा उतरवला आहे, त्यामुळे माझा पहिला संशय तेथेच जातो. जाड पॅकिंग परत बसवावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ गॅसकेट घालावे.

प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही. टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे. दहा-बारा किलोमीटर चालून बंद पडणाऱ्या कित्येक गाड्यांचा आजार एवढाच असतो.

प्लग ना फार ओला ना कोरडा, पण ठिणगी पिवळी आणि मरतुकडी, असे आढळले तर कार्ब्युरेटरला दोष देऊ नये. पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप होणाऱ्या संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या, इग्निशनमध्ये जुना कंडेन्सर किंवा कॉइल थंडपणी चांगली ठिणगी देते आणि तापल्यावर हात टेकते; सावलीत अर्धा तास थांबल्यावर गाडी चालू होते, हे लक्षण त्यालाही तितकेच लागू पडते. ठिणगी पाहताना प्लग सिलिंडरच्या भोकापासून दूर धरावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का, हे फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने, एकदा पाहून घ्यावे. ब्लेडचे तुकडे किंवा पोस्टकार्ड घालून अंतर ठरवण्याची जुनी पद्धत मी वापरलेली आहे, परंतु फीलर गेज आता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या जावाच्या कार्ब्युरेटरमधून कॉक उघडताच पेट्रोल ठिबकते. फ्लोट पिन नवी टाकली, तरी थांबत नाही.
— एक शिक्षक, अमळनेर

उत्तर : पिन बदलली, पण पिन जिच्यावर टेकते ती पितळी बैठक पाहिली का? तिच्यावर गोल खळगा पडला असेल तर नवी पिनही गळणारच. त्याहून अधिक शक्यता फ्लोटची, म्हणजे कटोरीत तरंगून पिनेकरवी पेट्रोल अडवणाऱ्या डबीची, आहे. जुन्या जावाच्या यिकोव कार्ब्युरेटरमधला फ्लोट पितळी पत्र्याचा, आतून पोकळ असतो. त्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले की पेट्रोल आत शिरते, फ्लोट जड होतो आणि वर तरंगून पिन बंद करण्याऐवजी खाली बसून राहतो. फ्लोट कानाजवळ नेऊन हलवावा. आत चुळबुळ ऐकू आली तर उत्तर मिळाले. मग भांड्यात गरम पाणी घेऊन, ते शेगडीपासून दूर नेऊन, फ्लोट चमच्याने पाण्याखाली दाबून धरावा. जेथून बुडबुडे निघतील तेथे खूण करावी. आतले पेट्रोल पूर्ण उडून जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, फ्लोट उघड्यावर ठेवल्याशिवाय त्याला डाग देऊ नये, कारण आत राहिलेली वाफ पेट घेऊ शकते. डाग अगदी थोडा द्यावा. कथिल जास्त झाले तर फ्लोट पुन्हा जड होतो आणि कटोरीतली पातळी चढते.

ही गळती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घराच्या ओसरीत गाडी लावत असाल, तर दुरुस्ती होईपर्यंत कॉक बंद ठेवावा आणि गाडी बाहेर लावावी.

प्रश्न : आम्ही मित्र दर महाशिवरात्रीला जुन्या येझदी घेऊन तोरणमाळच्या यात्रेला जातो. वर पोहोचता पोहोचता माझी गाडी जड होते, धूर वाढतो आणि स्लो स्पीडवर अडखळते. खाली शहाद्याला आल्यावर पुन्हा ठीक चालते. वर जाण्याआधी जेट बदलावेत काय?
— एक वाचक, शहादा

उत्तर : आपली गाडी बिघडलेली नाही. तोरणमाळ शहाद्याहून सुमारे एक हजार मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते. हजार मीटरला तिची घनता नऊ-दहा टक्क्यांनी कमी होते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास आधीच्याच हिशेबाने सोडत राहतो आणि मिश्रण चार-पाच टक्क्यांनी दाट होते. शिवाय हवाच कमी मिळाल्याने इंजिनाची ताकदही सुमारे दहा टक्क्यांनी घटते, आणि ती कोणत्याही जेटने परत येत नाही. एका दिवसाच्या यात्रेसाठी मी काहीही बदलणार नाही. स्लो स्पीड फारच अडखळत असेल तर वर गेल्यावर स्लो स्पीडचा स्क्रू थोडा आत घ्यावा आणि खाली आल्यावर पूर्ववत करावा. वर जाताना लहान जेट टाकून परतताना तोच ठेवून मैदानात पूर्ण रेसने गाडी पळवली, तर मिश्रण पातळ होईल आणि पिस्टन जॅम होण्याचा धोका पत्करावा लागेल. थोडा धूर परवडला.

तोरणमाळबाबत मला खरी काळजी उतरणीची वाटते. आपल्या येझदीत तेल पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. घाट उतरताना मूठ पूर्ण बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल जवळजवळ येत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही. म्हणून उतरताना थोड्या थोड्या अंतराने मूठ किंचित पिळून इंजिनाला घोटभर मिश्रण पाजत राहावे आणि वेग आवरण्याचे काम इंजिनाबरोबर ब्रेकवरही सोपवावे. त्यासाठी निघण्याआधी ब्रेक शू पाहून घ्यावेत.

आपल्या प्रश्नाला जोडून एक गोष्ट सांगतो, कारण ती खानदेशातल्या प्रत्येकाला लागू आहे. दहा अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्क्यांनी घन असते. म्हणजे मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांत जेवढा फरक आहे, तो शहादा आणि तोरणमाळ यांतल्या फरकाहून कमी नाही. उलट काकणभर जास्तच आहे. डोंगर चढताना गाडी बदलली हे आपल्या चटकन लक्षात येते, पण ऋतू बदलताना तोच बदल महिनोन्‌महिने हळूहळू होत असल्याने लक्षात येत नाही. उन्हाळ्यात अगदी काटेकोर, जराही धूर नको म्हणून पातळ लावून घेतलेली गाडी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला पहाटे निघते, तेव्हा ती झटके देते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजवते. अशा वेळी निडलची क्लिप, जिच्यावर निडल स्लाइडमध्ये लटकते, ती एक खाच खाली घ्यावी. क्लिप खाली गेली की निडल वर येते आणि मिश्रण थोडे दाट होते. होळीनंतर ती परत वर घ्यावी. ज्याला वर्षभर काही बदलायचे नाही, त्याने गाडीचे ट्यूनिंग उन्हाळ्यात न करता हिवाळ्यात करून घ्यावे.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचे नुकसान होते, असे ऐकतो. माझ्याकडे १९९०ची आरएक्स आणि एक स्कूटर आहे. नेमके काय करावे?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चर्चेत त्यांची सरमिसळ होते. पहिला मिश्रणाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. वीस टक्के इथेनॉल असलेल्या इंधनाला १३.५ किलोच्या आसपास हवा लागते. जुना जेट मात्र शुद्ध पेट्रोल गृहीत धरून ठरवलेला आहे. म्हणून त्यातून तेवढेच इंधन आले तरी मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. देशात सरासरी दहा टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२मध्ये गाठला गेला आणि २०२५मध्ये वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्वत्र आले, त्यामुळे त्याआधी उत्तम लावलेली गाडीही आज पातळ चालत असू शकते. प्लग पाहावा. पूर्ण रेसवर काही अंतर गेल्यावर, रस्ता मोकळा असताना, क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करावे आणि थांबून प्लग काढावा. चिनीमातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर काही करू नये. पांढरा फटफटीत असेल तर मेन जेट एक नंबर वाढवून पुन्हा पाहावे. निडलची क्लिपही एक खाच खाली घ्यावी लागेल, कारण रोजच्या वापरात मूठ बहुतेक वेळ पाव ते अर्धी उघडी असते आणि तेथे निडलचा अंमल असतो.

दुसरा प्रश्न रबराचा आणि गंजाचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि कॉकमधले रबरी वॉशर फुगतात किंवा चिकट होतात. पाणी फार झाले तर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसते आणि कटोरीत पांढरट भुकटी दिसू लागते. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास होत नाही. महिनाभर उभी राहणारी गाडी असेल तर उभी करण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, कटोरीचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढून टाकावेत आणि टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्याव्यात. स्कूटरलाही हेच सर्व लागू आहे.

प्रश्न : वडिलांची राजदूत १७५ पंधरा वर्षे केळीच्या मळ्यातल्या खोलीत पडून होती. वडील गेले. मला ती स्वतःच्या हाताने चालू करायची आहे. गावातल्या गॅरेजमध्ये सांगितले की जुना कार्ब्युरेटर फेकून नवा स्वस्तातला बसवा. मी तसे करावे काय? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक भगिनी, रावेर

उत्तर : ताई, जुना कार्ब्युरेटर फेकू नका. स्वस्तातल्या नव्या नगांमध्ये जेटवर कोरलेला नंबर आणि आतले छिद्र यांचा मेळ नेहमी असतोच असे नाही, आणि मग आपण नंबर पाहून निर्णय घेता, पण गाडी छिद्राप्रमाणे वागते. जुना जस्ताचा सांगाडा वाकलेला किंवा फुटलेला नसेल तर तो बहुधा वाचतो. फक्त निडल जेट मात्र उजेडात धरून नीट पाहा. वर्षानुवर्षे निडल त्यात थरथरत राहिल्याने त्याचे गोल छिद्र लंबगोल होते. मग पाव ते अर्ध्या मुठीवर गाडी दाट चालते आणि क्लिप कितीही वर घेतली तरी सुधारत नाही. तसे असेल तर निडल आणि निडल जेट ही जोडी मूळ नंबरची नवी घ्या.

सुरुवात कार्ब्युरेटरपासून करू नका आणि किकही मारू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे टू-स्ट्रोक तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी प्लग न लावता किकचा दांडा हाताने हळूहळू खाली दाबून पाहा. पिस्टन हलला तर पुढचे काम. न हलल्यास जोर करू नका. पुन्हा तेल सोडून चार दिवस वाट पाहा. मग टाकी. पंधरा वर्षे पडलेल्या टाकीत गंजाचा बारीक भुगा असतो आणि तो साफ केल्याशिवाय बसवलेला स्वच्छ कार्ब्युरेटर अर्ध्या तासात तुंबतो. टाकी उतरवून, आत मूठभर छोटे नट टाकून, पाणी घालून खूप हलवा, पाणी लाल यायचे थांबेपर्यंत धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि कॉकची जाळी नवी बसवा. टाकी ते कार्ब्युरेटर नळीत छोटा फिल्टर घाला.

कार्ब्युरेटर उघडताना जमिनीवर पांढरा कपडा अंथरा, प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने त्यावर ठेवा आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. एअर स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत आत जातो ते मोजून लिहून ठेवा, निडलची क्लिप कितव्या खाचेत आहे तेही लिहा. ती वडिलांनी किंवा त्यांच्या मिस्त्रींनी ठरवलेली जागा आहे आणि तेथूनच सुरुवात करणे सर्वांत शहाणपणाचे ठरेल. सर्व पितळी भाग चाळीसगावच्या वाचकांना सांगितल्याप्रमाणे साफ करा. तेल गाडीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणातच मिसळा. ‘जरा जास्त बरे’ म्हणून तेल वाढवले की तेवढे पेट्रोल कमी जाते, म्हणजे मिश्रण उलट पातळ होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

इंजिन चालू झाल्यावर रेस आपोआप वाढू लागली, तर घाबरू नका. मूठ सोडा, कॉक बंद करा आणि प्लगची कॅप काढण्याऐवजी किल्ली बंद करा. तसे न थांबल्यास सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच हळूहळू सोडा. पंधरा वर्षे पडलेल्या गाडीचे क्रँक सील सुकलेले असण्याचीच शक्यता जास्त आहे आणि ते बदलण्याची तयारी ठेवावी लागेल. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर प्लग काढून त्याचा फोटो आणि मुठीवरच्या पट्टीवर ज्या खुणेपाशी गाडी अडखळते ती खूण, एवढ्या दोन गोष्टी मला कळवा. पुढचे उत्तर येत्या अंकात देईन.